गावं दोनदा

"अण्णा, शेणोली परत एकदा म्हणा. शेवटी खोकला आला."

"येणारच की. घसा कुणाचा हाय?" असं म्हणून अण्णांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

मे महिना होता आणि आम्ही बापलेक पंखा बंद करून मधल्या खोलीत बसलो होतो. पंख्याचा आवाज माईकमध्ये येत होता. खिडक्यांना आईनं गोधड्या टांगल्या होत्या, दाराखालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं होतं. आईच्या शिलाई मशीनवर माझा संगणक होता. तो मी पुण्याहून एसटीनं आणला होता, पडदा दुलईत गुंडाळून मांडीवर आणि बाकीचं धूड पायाशी. कंडक्टरनं त्याचं लगेज लावलं नाही, कारण मी सुतार कंट्रोलरची मुलगी होते.

"शेणोली," अण्णा म्हणाले. स्वच्छ आणि खणखणीत.

"झकास. आता पुढचं. वाठार."

सोमवारी मिरजेला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढायचं होतं. डॉक्टर भला माणूस, त्यानं गोल गोल न बोलता सांगून टाकलं होतं, "आवाज जाईल, माणूस राहील." आई तिथं म्हणाली, "माणूस राहतंय ना, मग झालं." आणि घरी आल्यावर कांदा चिरायला घेऊन पोटभर रडली. त्या दिवशी आमच्याकडं कांद्याचं काही केलेलंच नव्हतं.

अण्णा आमच्या तालुक्याच्या स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माईकवरून सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आमचं घर एसटी कॉलनीत, स्टँडच्या कुंपणाला पाठ लावून. माझ्या लहानपणी अण्णांचा आवाज दिवसभर घरात असायचा. आई त्या आवाजावर घड्याळ लावायची. कडेगावची लागली, दूध तापवायला हवं. चोऱ्याची लागली, पोरगी शाळेतून येईल. पण तो आवाज आमच्याशी बोलत नसे. तो तालुक्याशी बोलायचा, तेही शुद्ध, पुस्तकी मराठीत. "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी." ड्युटी संपवून कुंपणाच्या फटीतून घरी आले की अण्णांचे शब्द संपलेले असायचे. चप्पल काढायची, पाय धुवायचे, पाटावर बसायचं. "वाढ." "पुरं." कधीतरी मला, "वसे, झोप आता."

मी एकुलती एक. शाळेतल्या मुली म्हणायच्या, "तुझी मज्जा आहे बाई, तुझे वडील सारखे बोलत असतात." कसली मज्जा आणि कसलं काय! मला वाटायचं, मी शेणोली असते तर बरं झालं असतं. दिवसातून चारदा तरी माझं नाव घेतलं असतं.

मोठी झाले, इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि पुण्यात एका छोट्या कंपनीत लागले. आमची कंपनी लिफ्टना आवाज द्यायची. "कृपया दरवाजा बंद करा." ती बाई ऐकून तुमचंही डोकं उठलं असेल. मी एका खोलीत एकटी राहायचे. खोली, कंपनी, खाणावळ आणि पुन्हा खोली. दिवसभरात माझ्याशी सगळ्यात जास्त कोण बोलत असेल, तर ती लिफ्टमधली बाई. तिचं एकच वाक्य मी चिपमध्ये भरायचे. पुढं पुढं तर तिला मनातल्या मनात उत्तरही द्यायला लागले होते. लग्नाचं विचारू नका, ते राहून गेलं.

अण्णांच्या आजाराचं कळलं तेव्हा मी साहेबांकडं सुट्टी मागितली, आणि सुट्टीबरोबर संगणकही मागितला. एक वाक्य चिपमध्ये भरता येतं, तर तालुका का भरता येऊ नये? गावी डेपो मॅनेजरला भेटले. तो म्हणाला, "जमवून दाखवा, स्टँडवर बसवू. लोकांच्या कानाला सुतारांचाच आवाज बसलाय."

आता जमवायचं म्हणजे काय, ते सांगते. आवाज साठवायचे तयार फॉरमॅट तेव्हाही होते, पण ते मोठ्या घरचे. त्यांना जागा ऐसपैस लागायची. माझ्यापाशी साहेबांनी दिलेल्या मोजक्याच चिप होत्या, आणखी मिळणार नव्हत्या, आणि तेवढ्यात संसार करायचा होता. म्हणून मी माझा फॉरमॅट स्वतःच आखला. फॉरमॅट म्हणजे फार काही नसतं. कपाटाच्या कुठल्या खणात काय ठेवायचं, याचा ठराव. सगळं शून्य आणि एकमध्ये, यंत्राला वाचता येईल, माणसाला नाही. सुरुवातीला ओळखीची खूण, म्हणजे यंत्राला कळावं की ही आपलीच फाइल. मग अनुक्रमणिका, कुठला शब्द कुठं सुरू होतो आणि किती लांब आहे. त्यानंतर प्रत्यक्ष आवाज. तोही सगळाच्या सगळा लिहायचा नाही, मघापेक्षा किती वर गेला आणि किती खाली आला एवढा फरकच लिहायचा. मध्ये शांतता आली तर ती साठवायचीच नाही, "इथं इतका वेळ गप्प" असा एक आकडा टाकून पुढं जायचं.

आणि सगळ्यात मोठी काटकसर ही, की कुठलाही शब्द एकदाच ठेवायचा. "ला" एकदा. "जाणारी गाडी" एकदा. "फलाट क्रमांक" एकदा. "शेणोली" एकदा. स्टँडवर कुणी बटणं दाबली की यंत्र हे तुकडे उचलून एकापुढं एक लावणार आणि वाक्य तयार. मला माझ्या ह्या हुशारीचं फार कौतुक होतं. दुसरं कुणी करायला नव्हतंच.

ह्या काटकसरीतून शेवटी एक खण, म्हणजे एक अख्खी चिप, रिकामा उरत होता. तो मी कुणाला न सांगता राखून ठेवला होता. त्यात मला अण्णांचे घरचे शब्द हवे होते. वसे. जेवलीस का. कधी आलीस. आईसाठी काहीतरी. त्या शब्दांची एक वेगळी पेटी करायची, पिशवीत मावेल एवढी, म्हणजे ऑपरेशननंतर अण्णांना घरात बोलता येईल. अण्णांसाठी, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला त्यांच्या तोंडून माझं नाव हवं होतं, आणि सोमवारनंतर ते जगात कुठंच मिळणार नव्हतं.

दुपारपर्यंत तालुक्यातली गावं संपली. मी यंत्राला एक वाक्य जोडायला लावलं.

"ऐका हं, अण्णा. आई, तूही ये गं."

आई हात पुसत दारात आली. संगणक बोलला, "शेणोली. ला. जाणारी गाडी. फलाट क्रमांक. तीनवर. लागत आहे. शेणोली."

अण्णा ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे कोण?"

"कोण म्हणजे? तुम्हीच."

"मी न्हवं. हे दुसरीतलं पोरगं पाढं म्हणतंय."

आई फसकन हसली. मला राग आला, पण त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "ते मधले सांधे मी नीट करते. शब्द थोडे जवळ घेते."

"सांध्याचं र्‍हाऊ दे. दुसऱ्यांदा शेणोली आलं, ते पयल्यासारखंच आलं."

"पहिल्यासारखंच येणार, अण्णा. शब्द एकच ठेवलाय. तोच दोनदा वाजवलाय."

"मग दोनदा म्हणायचं कशाला?"

अण्णा गावाचं नाव दोनदा घेतात हे मी जन्मापासून ऐकत आले होते, आणि ती त्यांची लकब असेल असं धरून चालले होते.

अण्णांनी माईक जवळ ओढला. खोकून घसा मोकळा केला आणि स्टँडवरचा आवाज काढला, "शेणोलीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." मग थांबले. चांगले थांबले. आणि मग सावकाश, पहिलं अक्षर लांबवत, "शेऽणोली."

"आलं का ध्यानात?" ते म्हणाले. "पयल्यांदा कानावर पडतं. माणूस मान वर करतं, कायतरी बोलला म्हणतं. दुसऱ्यांदा डोस्क्यात जातं. ज्याला पाटी वाचता येती तो माझ्या बोलण्याकडं ढुंकून बघत न्हाई. मी बोलतो ते बाजाराच्या बायांसाठी. हणबरवाडीची एक म्हातारी येती, तिला डोळ्यानं दिसत न्हाई. पयल्या नावाला ती गाठोडं चाचपती आणि दुसऱ्याला उठती. दुसऱ्यांदा असं खटाखट म्हणलास तर ती बसूनच र्‍हायची."

चिडले की मला "म्हणलास" म्हणायचे, मुलाला म्हणावं तसं.

मी संगणकाकडं तोंड फिरवलं आणि हिशेब करायला बसले. प्रत्येक गाव दोन तऱ्हेनं ठेवायचं, एक वाक्यात धावणारं आणि एक थांबून म्हटलेलं. दुसरं तर जास्तच लांब. इकडून कापलं, तिकडून आवळलं, आवाजाचा दर्जा जरा खाली आणून पाहिला. काही केल्या भागेना. एकच जागा होती जी दिली तर सगळं बसत होतं. माझा राखीव खण.

"अण्णा, जागा एवढीच आहे," मी म्हटलं. "गावं दोनदा घेतली तर घरचे शब्द बसणार नाहीत."

"घरचं कुठलं?"

मग मला सांगावं लागलं. वयाची तिशी ओलांडलेली बाई मी, आणि बापाला सांगत होते की तुम्ही मला हाक मारलेली मला साठवून ठेवायची आहे.

"माझं नाव. जेवलीस का, कधी आलीस, असलं. आणि आईला काहीतरी."

अण्णांनी गोधडीकडं बघितलं. दारातली आई आत निघून गेली.

"गावं दोनदा घे," ते म्हणाले.

मला ते इतकं लागलं की मी जे तोंडाला येईल ते बोलले. "घेते की! तालुक्यातल्या सगळ्या बायाबापड्यांना दोन-दोनदा हाका मारा. एक पोरगी आहे घरात, तिला एकदाही नको. लहानपणापासून हेच चाललंय."

अण्णा उठले, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि कुंपणाच्या फटीतून स्टँडवर गेले. खरं तर ते रजेवर होते.

मी तशीच बसून राहिले. पंखा लावायचंही सुचलं नाही. थोड्या वेळानं गोधडीपलीकडून दबका आवाज यायला लागला. शिकलगारकाका ड्युटीवर होते, अण्णांचे जोडीदार, पण माईक अण्णांनी घेतला होता. मी उठून एका खिडकीची गोधडी काढली. घसा बसलेला, मध्ये मध्ये फाटणारा आवाज. "हणबरवाडीला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे." मग ती थांबलेली जागा. "हणबरवाऽडी." जन्मभर ऐकलेलं, आणि ते थांबणं मी कधी ऐकलंच नव्हतं. माझ्या फॉरमॅटमध्ये तर त्याला एक आकडा होता, इथं इतका वेळ गप्प.

आई चहा घेऊन आली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

"एवढं तोडून बोलायचं असतं का गं?"

"तुला नाही वाटत कधी?" मी म्हटलं. "तुला तरी कधी नावानं हाक मारली का त्यांनी?"

"नाव? 'अगं'सुद्धा म्हणत न्हाईत. तांब्या वाजवत्यात."

"मग वाईट नाही वाटत?"

"वाटायचं की. नवीन होते तेव्हा लई वाटायचं. ह्या भोंग्यातनं दिवसभर ऐकायचं आणि माणूस घरी आलं की मुकं. एवढ्या गावांची नावं घेत्यात, आणि माझं काय विटाळलंय, असं मनात यायचं." आईनं पदरानं कपाळ पुसलं. "पण वसे, खरं सांगू? तू यंत्रात घालून हाक आणलीस, तर मी ओ कुणाला देऊ? यंत्राला?"

मी चहा संपवला. बाहेर अण्णा बोलत होते, आणि आम्ही दोघी खिडकीशी बसून त्यांचं ऐकत होतो, लहानपणी बसायचो तशाच. माझ्या मनातला राग गेला नव्हता. पण एकटेपणा मात्र आमच्या घरात माझ्या एकटीचा नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यानं काही बरं वाटलं नाही. उलट जास्तच सुनं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते, तर अण्णा आंघोळ करून, गंध लावून माईकसमोर बसलेले. गोधडी त्यांनी स्वतःच परत टांगली होती.

"कर सुरू," ते म्हणाले. "घसा उन्हाआधी बरा असतो."

मी कालचा फॉरमॅट मोडला आणि अनुक्रमणिका नव्यानं आखली. प्रत्येक गावापुढं दोन नोंदी, धावतं आणि थांबलेलं. राखीव खण पुसून टाकला. पुसायला काही लागत नाही, एक आकडा बदलायचा असतो.

गावं सुरू झाली. शेणोली आणि शेऽणोली. वाठार आणि वाठाऽर. ह्या वेळी मी पडद्यावर हलणाऱ्या आवाजाच्या रेघेकडं न बघता त्यांच्याकडं बघत होते. दुसऱ्यांदा म्हणताना अण्णा डोळे बारीक करून समोर कुणाला तरी शोधायचे. प्रत्येक गावाला वेगळं माणूस असावं. पुसेसावळीला तर त्यांना हसू आलं, आणि मी विचारलं, "कोण हो?" तर म्हणाले, "एक पैलवान हाय. दर बाजाराला चुकीच्या गाडीत बसतोय."

मध्ये त्यांना दम लागला. पाणी पिऊन ते भिंतीला टेकले. आई बाहेर तांदूळ निवडत होती. मी माईक बंद केला.

"अण्णा, काल बोलले ते मनावर घेऊ नका."

"घेतलं न्हाई." मग तांब्या खाली ठेवून म्हणाले, "तुला हाक मारायला मला पेटी लागती व्हय?"

"उद्यानंतर कशी माराल मग?"

"मारीन की."

"कशी?"

"बघू," अण्णा म्हणाले. "आवाज न्हाई तर न्हाई. तोंड हाय न्हवं? तू लाव ते चालू. चोरे र्‍हायलंय."

मी माईक चालू केला. खरं म्हणजे तो आम्ही बोलत होतो तेव्हाच चालू असायला हवा होता असं मला पुढं कित्येकदा वाटलं. पण असता तरी ते वाक्य ठेवायला कुठं जागा होती?

ऑपरेशन व्यवस्थित झालं. माणूस राहिलं. महिन्याभरानं मी पुण्याहून पेटी घेऊन आले, चिप भरून, बटणं लावून. डेपोच्या इलेक्ट्रिशियननं ती माईकच्या जागी जोडली. बाजाराचा दिवस होता. अण्णा गळ्याला पांढरा रुमाल बांधून माझ्याबरोबर आले होते. शिकलगारकाकांनी त्यांना खुर्ची दिली, पण ते केबिनमध्ये बसले नाहीत. बाहेर येऊन फलाटासमोरच्या बाकावर बसले, बाजारकऱ्यांमध्ये.

काका मला म्हणाले, "वसूबेटा, तुझे वडील आता निवृत्त होऊनही कामावर. असं भाग्य कुणाला मिळतं?" आणि त्यांनी बटणं दाबली.

"शेणोलीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." पेटी थांबली. मलाच धास्ती, थांबली की अडकली. मग, "शेऽणोली."

फलाटावर गाठोडी हलली. बाया उठल्या. कुणी वर भोंग्याकडं बघितलं नाही, कुणाला काही वेगळं वाटलं नाही. केबिनमध्ये काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? माझा फॉरमॅट होता, मी आखलेला, आणि तो चालला होता.

मी खिडकीतून अण्णांकडं बघितलं. त्यांच्या शेजारी बसलेल्या एका बाईनं, डोक्यावर मिरच्यांची पाटी घेता घेता, त्यांना विचारलं असावं, ही गाडी वाठारला जाती का. अण्णांनी जोरानं मान हलवली, नाही. बोटानं पलीकडचा फलाट दाखवला. बाईला खात्री वाटली नाही. तिनं परत विचारलं. अण्णांचं तोंड उघडलं आणि मिटलं. ती बाई त्यांच्याकडं जरा कीव आल्यासारखं बघून दुसऱ्या कुणाला विचारायला वळली. तेवढ्यात काकांनी पुढची बटणं दाबली, आणि वरून अण्णा म्हणाले, "वाठारला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. वाठाऽर." बाई लगेच चारकडं निघाली. ज्या माणसाला तिनं विचारलं होतं त्यानंच तिला सांगितलं होतं, आणि हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. अण्णा बाकावर मांडीवर हात ठेवून बसून राहिले. भर बाजारात, ओळखीच्या माणसांच्या गर्दीत, इतकं एकटं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं मला पुण्याला परतायचं होतं. आईनं डबा बांधून दिला, आणि अण्णा पिशवी घेऊन फलाटापर्यंत आले. मला खिडकीची जागा मिळाली. अण्णा खाली उभे राहिले. काकांनी केबिनमधून पुण्याच्या गाडीची बटणं दाबली असणार, कारण अण्णांचा आवाज स्टँडभर पसरला, स्वच्छ, खणखणीत, घसा बिघडण्याआधीचा वाटावा असा.

आणि खाली अण्णा बोलायला लागले.

आवाज नव्हताच. पण ओठ हलत होते, आणि थांबत नव्हते. एखाद-दुसरा शब्द नव्हे, चांगलं लांबलचक काहीतरी सांगत होते. मध्ये हात हलवला, मध्ये भुवया उडवल्या, एकदा तर स्वतःच हसले. माझ्याशी इतकं सलग ते जन्मात बोलले नव्हते. मी खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून त्यांचे ओठ बघत होते. इंजिन सुरू झालं होतं, मागं पोरं रडत होती, वर भोंगा चालू होता, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

आज अण्णा नाहीत. ते काय म्हणाले असतील, ह्यावर मी आजवर किती विचार केला असेल! पोचल्यावर फोन कर म्हणावं, तर आमच्या घरी फोन नव्हता. जेवून घे म्हणावं, तर डबा मांडीवरच होता. नाव तरी घेतलं का? घेतलं असावं. एकदा खालचा ओठ तसा दातांना टेकल्यासारखा वाटला. पुढं कधी घरी गेल्यावर पाटी-पेन्सिल पुढं करून विचारता आलं असतं, त्यांनी लिहून दिलं असतं. नाही विचारलं. भीती वाटायची, की लिहून देतील, "डबा सांभाळ."

तेव्हा मात्र मी खिडकीतून म्हणाले, "हो अण्णा. हो."

ते बोलायचे थांबले. माझ्याकडं बघितलं, मान हलवली. मग गाडीच्या पत्र्यावर हातानं दोनदा जोरात थाप मारली, आणि ड्रायव्हरनं कंडक्टरच्या घंटीची वाट न बघता गाडी सोडली.